खसखस पडली पाहिजे

मित्रांनो, भडगावच्या एका घरात, स्वयंपाकाच्या ओट्याखाली तोटी पुढे करून बसलेला मी एक जुना पितळी गंज आहे. सरळ भिंतीच्या, रुंद तोंडाच्या भांड्याला आमच्या खान्देशात गंज म्हणतात. माझी तोटी पाहून नवीन पाहुणा पेला घेऊन येतो, तोटी फिरवतो आणि रिकाम्या पेल्याने परत जातो. त्यात त्याची चूक नाही. मी पाण्याचा नाही. मी कुरडयांचा चीक गाळतो.

कुरडई तुम्ही सगळ्यांनी खाल्ली असेल. तळली की फुलते आणि जिभेवर ठेवली की विरते. पण ती करायला चार दिवस लागतात. गहू तीन दिवस पाण्यात भिजत घालायचे. रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी ते वाटायचे, पाण्यात कालवायचे आणि कोंडा वेगळा करून पांढरं दूध काढून घ्यायचं. त्या दुधाला चीक म्हणतात. साऱ्या कामात गाळणं सगळ्यात किचकट. घरोघरी दोन बायका धोतराच्या फडक्याची दोन टोकं धरून पिळत बसतात. आंबलेल्या पाण्याने बोटांच्या बेचक्या सोलून निघतात.

सुगंधाबाईंच्या घरी दुसरी बाई नव्हती. सासू आधीच गेलेली, जाऊ नाही, नणंद नाही. नवरा कौतिकभाऊ एसटीत कंडक्टर. पहाटेच्या चाळीसगाव गाडीवर ते जायचे आणि दिवे लागल्यावर यायचे. फडक्याचं दुसरं टोक धरणार कोण? म्हणून मी जन्माला आलो.

एकोणीसशे अडुसष्ट साली दोघं नवराबायको धुळ्याला अभिमन तांबटाच्या दुकानी आले. सुगंधाबाईंना काय हवं ते पक्कं माहीत होतं. खाली तोटी असलेला गंज, आणि आत बुडापासून चार बोटं वर बसणारी, भोकं पाडलेली पितळी ताटली. त्या तिला जाळी म्हणायच्या. अभिमनने विचारलं, भोकं केवढी पाडू? त्यांनी पदराच्या गाठीतून दोन पुड्या काढल्या. एकीत मोहरी होती, एकीत खसखस.

"मव्हरी अडकाले पाहिजे," त्या म्हणाल्या, "खसखस पडाले पाहिजे."

कौतिकभाऊ हसले. तांबटाच्या दुकानी मसाला घेऊन आलेली बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. पण अभिमन हसला नाही. एवढं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक त्याला रोज मिळत नसे. सारी भोकं पाडून झाल्यावर सुगंधाबाईंनी तिथेच खसखस टाकून पाहिली. ती सगळी खाली पडली. मग मोहरी टाकली. ती दाण्या दाण्याने भोकांवर बसून राहिली. जाळी माझ्या पोटात कशी बसवायची आणि डावीकडे फिरवून कशी काढायची, हेही अभिमनने दाखवलं. तेव्हा कौतिकभाऊ स्टँडवर गाडीची वेळ विचारायला गेले होते. हे लक्षात ठेवा.

पुढची वीस वर्षं मी काम केलं. आधी घरचं, मग शेजारणींचं, मग सगळ्या गल्लीचं. चैत्र लागला की सुगंधाबाईंच्या अंगणात बादल्यांची रांग लागे. मला हाताळण्यात त्या फार तरबेज होत्या. गहू जरा भरडच वाटायचा, कोंडा अख्खा राहिला पाहिजे, असं त्या प्रत्येकीला बजावायच्या. कारण खरं गाळण्याचं काम जाळी करत नाही, तिच्यावर बसलेला कोंडाच करतो. जाळी त्याला फक्त धरून ठेवते. पहिली धार कोंड्याचे कण घेऊन येते, ती त्या लोटीत धरून हळूच परत वरून ओतायच्या. तोटी फक्त दोऱ्याएवढी उघडायच्या. कुणी घाईने पूर्ण उघडली तर कोंडा खाली ओढला जातो, दाबून बसतो आणि धार बंद पडते. तशी ती बंद पडलीच, तर त्या वरून ढवळत नसत. तोटी बंद करायच्या, तिला रबरी नळी जोडायच्या, नळीच्या दुसऱ्या टोकाला नरसाळं लावून ते माझ्या तोंडापेक्षा उंच धरायच्या आणि तोटी उघडून त्यात पाणी ओतायच्या. ते पाणी खालून वर चढायचं आणि दबलेला कोंडा अलगद उचलला जायचा. ती नळी कौतिकभाऊंनी डेपोतून आणून दिली होती. नळी कशाला हवी, हे त्यांनी विचारलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते अंगणालगतच्या ओट्यावर बसून चहा पीत आणि हे सारं पाहत. पाहत म्हणजे त्यांची नजर तिकडे असे, इतकंच.

दर वर्षी फाल्गुनात मला कल्हई होई. पितळेच्या भांड्यात आंबलेलं ठेवलं की ते कळकतं, म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यावा लागतो. हे काम बाजारातले नजीरभाई करत. एरवी जाळी हरवू नये म्हणून ती माझ्याच पोटात बसवलेली असे, पण नजीरभाईंकडे जायच्या आदल्या दिवशी सुगंधाबाई ती काढून घेत. चिंच आणि राखेने घासून उन्हात ठेवत. नजीरभाईंनी माझी जाळी वीस वर्षांत एकदाही पाहिली नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्गशीर्षात सुगंधाबाईंना ताप आला. आठ दिवसांत त्या गेल्या.

कौतिकभाऊ त्याच वर्षी निवृत्त झाले होते. आता दोघं घरात बसून बोलू, असं सुगंधाबाई गल्लीत सांगत असत. बोलायला वेळ मिळाला नाही. तेराव्यानंतर माणसं येत, सुगंधाबाईंच्या गोष्टी काढत, आणि कौतिकभाऊ उठून पाणी प्यायला आत जात. कुणी त्यांचं नाव घेतलं की ते दुसरंच काही विचारत. हळूहळू लोकांनी नाव घेणं सोडलं.

फाल्गुन आला तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. तिची वस्तू आहे, तिच्यामागे काळी पडू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी मला सायकलला बांधलं आणि नजीरभाईंच्या भट्टीवर नेलं. नजीरभाईंनी आत डोकावून पाहिलं आणि ते थबकले.

"भाऊ, हाई आत काय शे? भाभी त दर साल..."

"बठ्ठं कर," कौतिकभाऊ मधेच म्हणाले, म्हणजे सगळंच. "चांगली जाड कर. दोनदा फिरव." आणि ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

नजीरभाईंनी सांगितलं तसं केलं. मला निखाऱ्यावर तापवलं, नवसागराची पूड टाकली, कथील फिरवलं, कापसाने पुसलं आणि पुन्हा फिरवलं. मी आतून असा चकाकलो की कौतिकभाऊंना जाळीत आपलं तोंड दिसलं. त्यांना बरं वाटलं. मित्रांनो, जाळीत तोंड दिसू नये. पण हे त्यांना कोण सांगणार?

घरी आणून त्यांनी मला कपड्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. चैत्रात शेजारच्या तानुबाई मला मागायला आल्या. तिची वस्तू आहे, राहू द्या, असं कौतिकभाऊ म्हणाले. गल्ली पुन्हा फडक्याकडे वळली.

मग चोपड्याहून प्रमिलाचं पत्र आलं. प्रमिला ही त्यांची एकुलती लेक. आखाजीला येते, तिने लिहिलं होतं, आईची पहिली घागर आहे. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि त्याला आवडेल असं पान वाढतात. सुगंधाबाईंना काय आवडायचं ते सगळ्यांना माहीत होतं. आंब्याच्या रसात कुरडई चुरून खायची. पोळी बाजूलाच राहायची.

तानुबाईंनी आपल्या घरच्या कुरडया देऊ केल्या. कौतिकभाऊंनी नको म्हणून मान हलवली. कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा होता. त्यात पाच किलो बन्सी गहू होता. दिवाळीनंतर सुगंधाबाईंनी तो निवडला होता, कडुलिंबाचा पाला घालून ठेवला होता आणि झाकणावर फडकं बांधलं होतं. तो त्यांच्या हाताने निवडलेला शेवटचा गहू. पानावर त्याचीच कुरडई पाहिजे, हे कौतिकभाऊंनी ठरवलं. गहू दुसरा मिळाला असता. हा मिळाला नसता.

त्यांनी कुणाला न सांगता गहू भिजवला. तीन दिवस पाणी बदललं. चौथ्या दिवशी सकाळी वासावरून तानुबाई आल्या, तर कौतिकभाऊ भिजल्या गव्हाचं घमेलं पुढे घेऊन उभे. पुढे काय करायचं, त्यांना माहीत नव्हतं. तानुबाईंच्या जिभेला धार होती, पण त्या दिवशी त्यांनी पदर खोचला आणि आपलं हाताने फिरवायचं मशीन आणलं. दोघांनी गहू वाटला, पाण्यात कालवला आणि माझ्यात ओतला. कौतिकभाऊंनी तोटी उघडली.

दोन थेंब पडले. मग काहीच नाही.

चैत्र सरतानाचं ऊन तुम्हाला सांगायला नको. एकदा वाटलेला गहू त्या उन्हात दुपारपर्यंत टिकतो. संध्याकाळी त्याला घाण सुटते आणि तो गुरंही खात नाहीत. दोघांना ते माहीत होतं.

तानुबाई म्हणाल्या, वाटण बारीक झालं असेल. त्यांनी चिमूटभर बोटांत चोळून पाहिलं. कोंडा अख्खा होता. मग भिजण्यात कसर राहिली असेल. कौतिकभाऊंनी एक दाणा दाबला. चीक फटकन बाहेर आला. मग तोटी. त्यांनी झाडूची काडी घालून पाहिली, ती आरपार गेली. तानुबाईंनी पळीने वरून ढवळलं. आणखी एक थेंब आला. कौतिकभाऊ थोडा वेळ ओट्याकडे पाहत राहिले. मग खुंटीवरची रबरी नळी घेऊन आले. त्यांना ते आठवलं होतं, आणि आठवलं याचं त्यांनाच नवल वाटलं असावं. नळी जोडून, नरसाळं उंच धरून त्यांनी पाणी ओतलं. पाणी वर चढलं नाही. नरसाळं भरून उलटं त्यांच्या सदऱ्यावर सांडलं.

ते तसेच ओले उभे राहिले. वरून पाणी खाली येत नाही, खालून वर जात नाही, आणि तोटी तर मोकळी आहे. म्हणजे अडथळा मध्येच आहे.

त्यांनी मला हळूहळू घमेल्यात रिकामं केलं आणि आत हात घातला. जाळीवरून तळहात फिरवला. हाताला खरखर लागली नाही. ताटाच्या बुडासारखं गुळगुळीत लागलं. ते उठले, मसाल्याच्या डब्यातून चिमूटभर खसखस आणली आणि माझ्या आत टाकली. दोन वेळा मला थापटलं. एकही दाणा खाली गेला नाही.

"अक्का त ही जाळी काढीसन उनमा ठेये," तानुबाई म्हणाल्या. सुगंधाबाईंना त्या अक्का म्हणत.

कौतिकभाऊंनी मान वर केली. ही निघते? वीस वर्षं त्यांना वाटत होतं की ती झाळून पक्की बसवलेली आहे. तानुबाईंनी हात घालून डावीकडे जोर दिला. जाळी सुटली. कौतिकभाऊंनी ती उन्हाकडे धरली. काठाजवळच्या पाचसात भोकांतून उजेड आला. बाकीची सारी कथलाने बुजली होती.

तानुबाईंनी घमेल्यावर ओलं पोतं टाकलं आणि त्यावर गार पाणी शिंपडत बसल्या. कौतिकभाऊ जाळी घेऊन बाजारात गेले. रोजे चालू होते. नजीरभाई भट्टीच्या आडोशाला आडवे झाले होते. जाळी पाहताच ते उठून बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. लगेच निखारे फुलवले. अशा उन्हात, घशाखाली पाण्याचा घोट नसताना, त्यांनी भाता ओढला. जाळी तापली, कथील पाघळलं, तशी त्यांनी ती चिमट्यात धरून लाकडी ठोकळ्यावर उलटी आपटली. कथलाचे थेंब टपटप खाली पडले. पुन्हा तापवली, पुन्हा आपटली.

मग म्हणाले, "मी त्या दिन इचारं व्हतं, भाऊ."

कौतिकभाऊ भट्टीकडे पाहत होते. "इचारं व्हतं तू," ते म्हणाले. "मीच आयकं नही."

नजीरभाईंनी जाळी पाण्यात बुडवली. ती निवली. ते म्हणाले की भाभी मोकळा गंज आणत आणि दर साली एकच सांगत, थर पातळ दे, भांडं दाखवायचं नाही, वापरायचं आहे. या वेळी कौतिकभाऊंनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

अर्धी भोकं उघडली होती. उरलेली घरी आल्यावर उघडायची होती. आधी स्टोव्हची पिन घेतली, ती दुसऱ्याच भोकात मोडली. मग कौतिकभाऊंनी सुगंधाबाईंची गोधडी शिवायची सुई काढली आणि ओट्यावर बसून एकेक भोक टोकरायला सुरुवात केली. अंगठा दुखायला लागला तसा ते हात झटकू लागले.

"जिंदगीभर तिकिटंले भोकं पाडानंच काम व्हतं ना तुमनं?" तानुबाई म्हणाल्या. "आते आठे पाडा."

कौतिकभाऊ हसले. मार्गशीर्षानंतर मी ते पहिल्यांदा ऐकलं.

शेवटचं भोक मोकळं झालं तेव्हा सावली अंगणाच्या मध्यावर आली होती. त्यांनी खाली ताट ठेवलं, जाळीवर चिमूटभर खसखस टाकली आणि बोटाने हलवली. ताटात बारीक आवाज झाला.

"पडनी," ते म्हणाले. तानुबाईंना सांगितलं की स्वतःला, मला कळलं नाही.

तरी काम सरळ झालं नाही. उशीर झाला म्हणून त्यांनी घाईने तोटी पूर्ण उघडली आणि धार पुन्हा अडली. पण आता ते घाबरले नाहीत. तोटी बंद केली. नळी जोडली, नरसाळं उंच धरलं, तोटी उघडून पाणी ओतलं. या वेळी ते चढलं. वर चार बुडबुडे आले आणि कोंडा उसासा टाकावा तसा उचलला गेला. त्यांनी तो खाली बसू दिला. मग नळी काढून तोटी दोऱ्याएवढी उघडली. पहिली लोटी परत ओतली. दुसरी परत ओतली. तिसरी पांढरी शुभ्र आली. अंधार पडेपर्यंत ती धार चालू होती, आणि कौतिकभाऊ तिच्या शेजारी पाटावर बसून होते.

दुसऱ्या दिवशी चीक शिजवला आणि तानुबाईंनी सोऱ्यातून कुरडया घातल्या. उशीर झाल्याने त्या जरा पिवळट आणि आंबूस झाल्या. पण झाल्या.

आखाजीला प्रमिला आली. बापाने घागर भरली, लेकीने पान वाढलं. रसाच्या वाटीत कौतिकभाऊंनी स्वतः कुरडई चुरली. नंतर दोघं जेवायला बसली तेव्हा प्रमिला म्हणाली, कुरडया आंबट झाल्या आहेत, आणि तिचे डोळे भरले. आईची कधी आंबट व्हायची नाही, हे तिच्या तोंडून निघणार होतं, पण बापासमोर आईचं नाव काढायची घरात सवय राहिली नव्हती. तेव्हा कौतिकभाऊंनी ताट थोडं बाजूला सारलं.

"तुनी माय," ते म्हणाले, "धुळाले तांबटना दुकानमा मव्हरी लई गयी व्हती."

आणि त्यांनी सारं सांगितलं. दोन पुड्या, अभिमनचा चेहरा, मोहरी कशी भोकांवर बसली, आपण कसे हसलो. ते अडखळत बोलत होते. मधे दोनदा थांबले. पण उठून पाणी प्यायला आत गेले नाहीत. प्रमिला जेवायचं विसरून ऐकत होती. रस तसाच राहिला.

आता त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. कौतिकभाऊ थकले आहेत. मी मात्र पुन्हा गल्लीभर फिरतो. कुणी मला न्यायला आलं की ते आधी बसवतात. जाळी काढून दाखवतात. खसखशीची पुडी देतात. तोटी किती उघडायची ते बोटाने दाखवतात. आणि प्रत्येक वेळी सुरुवात एकच असते, "हाई सुगंधानं सांगेल शे." नव्या सुनांनी तिला पाहिलेलं नाही. तरी त्या तिचं नाव घेतात आणि मगच तोटीला हात लावतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं जुनं भांडं असेल. त्याला जरूर घासा, कल्हईही करा. पण आधी ते कशासाठी केलं होतं ते कुणाला तरी विचारा, आणि त्याची जाळी काढून बाजूला ठेवा. आणि भट्टीवरचा माणूस काही विचारू लागला, तर रस्त्याच्या पलीकडे जाऊ नका. त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या.